उरणचा लोहमार्ग आणि ‘शोले’ची श्रेयनामावली

‘शोले’ (१९७५) या हिंदी चित्रपटाच्या पूर्वार्धात मालगाडीवर दरोडा पडण्याचा जो प्रसंग आहे, तो कोठे चित्रित झाला, या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारे दिले जाते. ‘मुंबई-पुणे लोहमार्गावर, पनवेलजवळ’ असे एक उत्तर आहे आणि छापील मजकुरात तेच अधिक वेळा आढळते. दुसरे उत्तर ‘पनवेल-उरण मार्गावर’ असे आहे. या दोहोंपैकी पहिले उत्तर शब्दशः घेतल्यास खरे ठरू शकत नाही. मुंबईहून पुण्यास जाणारा जुना लोहमार्ग कल्याण, कर्जत आणि खंडाळ्याचा घाट असा जातो. पनवेल त्यावर नाही. पनवेल आणि कर्जत यांना जोडणारा फाटा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रहदारीस खुला झालेला नव्हता. ज्या काळात ‘शोले’चे चित्रीकरण चालू होते, त्या काळी पनवेलहून निघणारे रूळ दिवा, आपटा आणि उरण या तीन दिशांनाच जात होते. मुंबई-पुणे हमरस्ता मात्र पनवेलवरून जात असे. तेव्हा पहिल्या उत्तरात सडक आणि लोहमार्ग यांची गल्लत झाली असावी, असे म्हणण्यास पुरेसे कारण आहे. उरणचे नाव त्या गल्लतीत गळून पडले.

हा भेद वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु एखाद्या कृतीच्या निर्मितीत ज्यांचा वाटा असतो, त्यांपैकी कोणाची नावे लोकांच्या बोलण्यात टिकतात आणि कोणाची टिकत नाहीत, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला क्षुल्लक मानता येत नाही. ‘शोले’विषयी या देशात जितके बोलले गेले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या बोलपटाविषयी बोलले गेले असेल. त्यामुळे नावे टिकण्याची आणि लोपण्याची क्रिया पाहण्यास हे उदाहरण सोयीचे आहे. उरणच्या वाटेवरील रूळ आणि त्या रुळांवर सात आठवडे राबलेली माणसे ही त्या क्रियेची अगदी खालची पायरी होय.

प्रथम प्रकारनामाचा विचार केला पाहिजे. इंग्रजीत ज्याला ‘वेस्टर्न’ म्हणतात, त्याला मराठीत अद्याप रूढ प्रतिशब्द नाही. ‘पाश्चात्त्य’ हा शब्द येथे निरुपयोगी आहे; मराठी वाचकाच्या मनात तो युरोपचे चित्र उभे करतो, अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराखी, कायद्याचा रक्षक आणि लुटारू यांचे नव्हे. इटालियन दिग्दर्शकांनी १९६० नंतर या प्रकारचे चित्रपट काढले, तेव्हा समीक्षकांनी त्यांच्या राष्ट्रीय खाद्यावरून ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ असे थट्टेचे नाव दिले. त्याच चालीवर भारतीय चित्रपटांना ‘करी वेस्टर्न’ म्हणण्यात येऊ लागले. यातील ‘करी’ हा शब्द मूळचा द्राविडी, पोर्तुगीजांच्या मार्फत इंग्रजीत गेलेला आणि भारतीय स्वयंपाकघरात इंग्रजीतूनच परतलेला. म्हणजे जो पदार्थ त्या नावाने येथे कोणी रांधत नव्हते, त्याचे नाव येथील चित्रपटास चिकटले. असो. हिंदीत या प्रकाराचा स्वतःचा पूर्वजही आहे. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०), ‘गंगा जमुना’ (१९६१), ‘मुझे जीने दो’ (१९६३) आणि ‘मेरा गाँव मेरा देश’ (१९७१) हे दरोडेखोरांचे चित्रपट ‘शोले’च्या आधी येऊन गेले होते. कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४), त्यावरून बेतलेला अमेरिकन ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) आणि सर्जिओ लिओने यांचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) यांचे ऋण ‘शोले’वर आहे, हे तर सर्वमान्यच आहे.

या प्रकारात आगगाडी उपरी नाही. एडविन पोर्टर यांचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) हा सुमारे बारा मिनिटांचा मूकपट या प्रकाराच्या आरंभी उभा आहे, आणि त्याचा विषयच गाडीवरील दरोडा हा आहे. विशेष असे की, हा ‘पश्चिमे’चा चित्रपट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी राज्यात चित्रित झाला. लिओने यांचा टेक्सस बव्हंशी स्पेनमधील आल्मेरिया प्रांतात उभा राहिला. ‘शोले’तील गाडीच्या प्रसंगाचा आदर्श म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्या ‘नॉर्थ वेस्ट फ्रंटिअर’ (१९५९) या ब्रिटिश चित्रपटातील वायव्य सरहद्दीचाही काही भाग स्पेनमध्येच घेतला होता. तात्पर्य, या चित्रपटांतील भूमी जेथली म्हणून दाखवतात तेथली सहसा नसते. ‘शोले’तील रामगढ हे उत्तरेकडील गाव कर्नाटकात बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत उभारले गेले, हे बहुतेकांस ठाऊक असते. त्याच रामगढच्या ठाकुराने दोन कैद्यांना ज्या मालगाडीतून नेले, ती कोकणच्या किनारपट्टीवर धावत होती, हे सहसा ठाऊक नसते.

त्या काळचे उरण आजच्या उरणहून फार निराळे होते. तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. त्या जिल्ह्याचे रायगड हे नामांतर १९८१ मध्ये झाले. मुंबईहून उरणास जाण्याची रुळलेली वाट समुद्राची होती, भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरास लाँचने उतरावयाचे. न्हावा-शेवा येथील मोठे बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले, म्हणजे तोवर ते नव्हते. होती ती भातखाचरे, खाजणे, मिठागरे, आगरी-कोळ्यांची गावे आणि एका अंगाला द्रोणागिरीचा डोंगर. पनवेलहून जासईवरून उरणकडे येणाऱ्या रुळांवर रहदारी विरळ होती. चित्रपट काढणाऱ्यांना नेमके हेच हवे असते. मुख्य मार्गावर एक गाडी थांबवून ठेवली तर मागच्या दहा खोळंबतात. शाखामार्गावर ती दिवसभर पुढे-मागे नेता येते.

पुढे-मागे नेता येणे ही येथील कळीची गोष्ट आहे. रंगमंचावरील किंवा स्टुडिओतील दृश्य फसले तर नट पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहतात. धावत्या गाडीवरील दृश्य फसले तर सबंध गाडी मागे न्यावी लागते, इंजिनाला पुन्हा वेग घ्यावा लागतो, घोडेस्वारांनाही मूळ ठिकाणी परतावे लागते. तोवर सूर्य सरकलेला असतो, छाया लांबलेल्या असतात, वाऱ्याने धुराची दिशा बदललेली असते, आणि आधीच्या तुकड्याशी नवा तुकडा जुळत नाही. पडद्यावर काही मिनिटांत संपणाऱ्या या प्रसंगास सात आठवड्यांहून अधिक काळ लागला, तो यामुळे. त्यात घोड्यांवरून पाठलाग करणारे दरोडेखोर, डब्यांच्या टपांवरील मारामारी, रुळांवर रचलेले लाकडाचे ओंडके आणि ते उधळीत जाणारे इंजिन, असे सर्व आहे.

हे सर्व काम दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना प्रत्येक वेळी स्वतः हजर राहून करणे शक्य नव्हते. मोठ्या चित्रपटांत अशा वेळी दुय्यम पथक नेमतात. प्रमुख नटांचे चेहरे ज्यांत दिसावयाचे नसतात, अशी दृश्ये ते पथक घेते. ‘शोले’च्या दुय्यम पथकात अझीमभाई आणि मोहम्मद अली ही साहसदृश्यांच्या क्षेत्रातील जाणती माणसे होती, पुढे जिम ॲलन आणि गेरी क्रॅम्प्टन या परदेशी जाणकारांनाही पाचारण करण्यात आले. दिग्दर्शकाच्या मनातील चित्र या सर्वांना समजावून सांगणारा कोणी तरी हवा होता. हे काम अमजद खान आणि सचिन पिळगावकर या दोन नटांवर सोपविण्यात आले होते, असे पिळगावकर यांनी आपल्या मुलाखतींतून सांगितले आहे. दोघेही त्या सुमारास मोकळे असत, हे एक कारण. दुसरे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. अमजद खान यांनी के. आसिफ यांच्या हाताखाली ‘लव्ह अँड गॉड’साठी सहायकाचे काम केले होते. पिळगावकर (जन्म १९५७) हे ‘हा माझा मार्ग एकला’ या मराठी चित्रपटापासून बालनट म्हणून कॅमेऱ्यासमोर वावरलेले होते, आणि ‘शोले’च्या वेळी त्यांचे वय सोळा-सतराचे होते. ज्या मुलाने पडद्यावर इमामसाहेबांच्या अहमदची छोटी भूमिका केली, तो पडद्याआड दिग्दर्शकाचा प्रतिनिधी होता, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्या पुढील काळातील मराठी दिग्दर्शनाकडे पाहावयास हवे. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) किंवा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांचा ‘शोले’शी विषयाने काडीचाही संबंध नाही, पण गर्दीच्या दृश्यांत माणसे कोठे उभी करावयाची, ही विद्या कोठे तरी शिकावी लागतेच.

छायालेखक द्वारका दिवेचा (निधन १९७८) यांच्यापुढील अडचण निराळी होती. ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यावर दाखवावयाचा होता, पण त्या रुंदीचे चित्रण करणारी सामग्री वापरणे परवडणारे नव्हते. म्हणून चित्रण नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या फितीवर करून ते पुढे वाढविण्याचे ठरले. ३५ मिलिमीटरच्या जुन्या चौकटीत रुंदी ही उंचीच्या १.३७ पट असते. ७० मिलिमीटरच्या चौकटीत ती २.२ पट असते. म्हणजे एका चौकटीतून दुसरी काढताना वरचा आणि खालचा मिळून जवळजवळ दोन-पंचमांश भाग टाकून द्यावा लागतो. छायालेखकास दिसत होते एक चित्र आणि प्रेक्षकास दिसणार होते दुसरे. त्यासाठी कॅमेऱ्याच्या काचेवर रुंद चौकटीच्या खुणा आखून घेतल्या गेल्या व त्या खुणांच्या आत सर्व रचना बसविली गेली. घोडेस्वार आणि टपावरचा माणूस एकाच चौकटीत बसवावयाचे तर या खुणांच्या आत किती थोडी जागा उरते, याची कल्पना कोणासही करता येईल. दिवेचा यांच्या चिकाटीचे दुसरे उदाहरण अगदी शांत प्रसंगाचे आहे. विधवा राधा सायंकाळी हवेलीतील दिवे लावते किंवा मालवते आणि खाली बसलेला जय वाद्य वाजवीत तिच्याकडे पाहतो, या दोन छोट्या दृश्यांना प्रकाशाच्या अडचणींमुळे वीस दिवस लागले. ज्या संधिप्रकाशात ती घ्यावयाची, तो दिवसातून थोडाच वेळ लाभतो.

कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी रामनगरच्या खडकांच्या पायथ्याशी सबंध गाव वसविले. तेथे सामान पोहोचविण्यासाठी महामार्गापासून रस्ता बांधावा लागला. तुरुंगाचे बांधकाम मात्र मुंबईत राजकमल स्टुडिओच्या जवळ केले, तेही उघड्यावर, जेणेकरून बाहेरच्या दृश्यांतील उन्हाशी त्याचा प्रकाश जुळावा. पुढे येडेकर हे रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या कलाविभागातही होते. त्यांचे नाव सामान्य प्रेक्षकास ठाऊक नसते, ही एका अर्थी त्यांच्या कामाची पावतीच आहे; रामगढ हे बांधलेले गाव आहे, असे कोणाच्या मनात येत नाही.

संकलक एम. एस. शिंदे यांच्या बाबतीत मात्र थोडे थांबावयास हवे. या चित्रपटासाठी सुमारे तीन लाख फूट चित्रफीत खर्ची पडली आणि तीतून अठरा हजार फुटांच्या आसपासचा चित्रपट निघाला, असे सांगतात. ३५ मिलिमीटरची फीत मिनिटाला नव्वद फूट धावते. या हिशेबाने शिंदे यांच्या टेबलावर पंचावन्न तासांहून अधिक लांबीचे चित्रण आले, आणि प्रत्येक सोळा-सतरा फुटांतील एकच फूट त्यांनी राखला. गाडीच्या प्रसंगात तर संकलकाचे काम जवळजवळ लेखकाचेच होते. निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या पथकांनी, निरनिराळ्या उन्हात घेतलेले तुकडे एकापुढे एक ठेवून त्यांतून एकाच दुपारी घडलेली एकच झुंज त्यांना सिद्ध करावयाची होती. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर, शब्द दुसऱ्यांचे होते, वाक्य त्यांचे होते.

परंतु त्यांच्या कसबाचा खरा नमुना गाडीच्या प्रसंगात नाही. तो अहमदच्या मृत्यूत आहे. गब्बर या मुलाचा जीव घेतो, ते दृश्य चित्रित करण्यास एकोणीस दिवस लागले होते. प्रदर्शित झालेल्या चित्रपटात त्यांतील हत्या नाही. गब्बर पहुडलेला आहे, त्याच्या हातावर एक मुंगळा चढतो, तो त्यास मारतो. पुढच्याच दृश्यात अहमदचे शव पाठीवर घेऊन घोडा गावात येतो. एकोणीस दिवसांच्या श्रमांचा हा लोप म्हणजेच दृश्याचा अर्थ होऊन बसला आहे. संस्कृत काव्यशास्त्रात ज्यास व्यंजना म्हणतात, तिचे याहून स्वच्छ उदाहरण चित्रपटात मिळणे कठीण. आणि ते ज्या नटाच्या अभिनयाची किंमत देऊन मिळाले तो अवघा सोळा-सतरा वर्षांचा होता, हेही विसरता येत नाही. १९७६ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत ‘शोले’ला नऊ नामांकने मिळाली होती, पण पुरस्कार मिळाला तो एकच, संकलनाचा. बाकीचे मानाचे पुरस्कार ‘दीवार’कडे गेले. २००५ मध्ये त्याच संस्थेने ‘शोले’स पन्नास वर्षांतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरविले; १९७६ च्या परीक्षकांना या चित्रपटात एकट्या मराठी संकलकाचे काम दिसले होते, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. शिंदे यांचे निधन २०१२ मध्ये मुंबईत झाले.

ध्वनीच्या बाजूस मंगेश देसाई होते. राजकमलमधील ध्वनिसंमीलनाचे त्यांचे कौशल्य सत्यजित राय यांच्यासारख्या चोखंदळ दिग्दर्शकालाही हवेसे वाटे. राहुलदेव बर्मन यांच्या संगीताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जयच्या ओठांवरील वाद्य प्रत्यक्षात भानू गुप्ता यांनी वाजविले आहे, एवढी नोंद येथे पुरे.

आता नटांच्या नावांकडे वळता येईल, कारण तेथे नामविचारास विशेष सामग्री आहे. या चित्रपटाशी निगडित बऱ्याच जणांची नावे मूळची नाहीत. निर्माते जी. पी. सिप्पी यांचे सिंधी कुलनाम सिपाहीमलानी. त्याचा संक्षेप होऊन ‘सिप्पी’ झाले. ठाकूर झालेले संजीव कुमार हे सुरतेचे हरिहर जरीवाला. जगदीप हे सय्यद इश्तियाक अहमद जाफरी. मॅक मोहन हे मोहन माखीजानी. कुलनामातील पहिले अक्षर तोडून त्यास स्कॉटिश थाटाचा ‘मॅक’ बनविणे ही नामनिर्मितीची एक गमतीदार रीत होय. व्यवसायासाठी घेतलेली ही नावे ‘शोले’ने पुन्हा एकदा पुसली. मॅक मोहन सांभा झाले, विजू खोटे कालिया झाले, अमजद खान गब्बर झाले. सांभाच्या वाट्यास बोलण्याजोगे वाक्य जवळजवळ नाहीच. केवळ दुसऱ्याने हाक मारल्यामुळे ते नाव देशभर पोहोचले. विजू खोटे (निधन २०१९) हे मूकपटांच्या काळातील नट नंदू खोटे यांचे पुत्र, शुभा खोटे यांचे बंधू आणि दुर्गा खोटे यांच्या कुटुंबातले. मराठी रंगभूमीवर त्यांनी दीर्घ काळ विनोदी भूमिका केल्या; तरीही काही क्षणांच्या एका भूमिकेतील नावाने त्यांचे कुलनामही झाकून टाकले. पात्राचे नाव नटाला गिळते, ही क्रिया नाटकासही अपरिचित नाही. मात्र नाटकात तिला वर्षानुवर्षांचे प्रयोग लागतात. येथे ते काम पॉलिडॉर कंपनीने काढलेल्या संवादांच्या ध्वनिमुद्रिकांनी केले. गाण्यांऐवजी संवाद घरोघर, उपाहारगृहांत, उत्सवांच्या ध्वनिक्षेपकांवर वाजू लागले, आणि ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता त्यांनाही ही नावे पाठ झाली.

ही बोली घडली कशी, हेही पाहण्याजोगे आहे. सलीम-जावेद या लेखकद्वयाचे नावच एखाद्या द्वंद्व समासासारखे वापरले जाते. त्यातील जावेद अख्तर संवाद उर्दू लिपीत लिहीत आणि ते देवनागरीत उतरविण्याचे काम सहायकाकडे असे. गब्बरच्या भाषेस ‘गंगा जमुना’तील पूर्वी वळणाच्या बोलीचा आधार होता. अमजद खान यांनी भूमिकेच्या तयारीसाठी चंबळच्या दरोडेखोरांवरील ‘अभिशप्त चंबल’ हे पुस्तक अभ्यासले; त्याचे लेखक तरुणकुमार भादुरी हे राधेची भूमिका करणाऱ्या जया भादुरी यांचे वडील. हाक मारण्याची ती विशिष्ट लकब मात्र पुस्तकातली नव्हे. लहानपणी ऐकलेल्या एका धोब्याच्या हाकेवरून त्यांनी ती उचलली, असे सांगितले जाते. सिंधी निर्माता, उर्दू संहिता, तमिळ नायिका, गुजराती ठाकूर, पठाण खलनायक, मराठी संकलक व कलादिग्दर्शक, कानडी मुलखातले गाव, आगरी मुलखातला लोहमार्ग. आणि हे सर्व ज्या श्रेयनामावलीत नोंदले ती मुख्यत्वे इंग्रजीत. हिंदी चित्रपटाची भाषा हिंदी असते, हे विधान किती मर्यादित अर्थाने खरे आहे, ते यावरून दिसते.

‘श्रेयनामावली’ हा मराठी शब्द मोठा बोलका आहे. ‘श्रेयस्’ म्हणजे मुळात ‘अधिक चांगले’. कठोपनिषदात ते ‘प्रेयस्’च्या विरोधी उभे राहते. मराठीत त्याचा अर्थ सरकत सरकत ‘केलेल्या कामाचा मान’ असा झाला. रामगढच्या वाटेने जाणाऱ्या घोडेस्वारांच्या दृश्यावर ‘शोले’ची नावे उमटतात आणि विरतात, प्रेक्षक तेव्हा खुर्च्या शोधत असतो. नावे छापली जाणे आणि नावे उच्चारली जाणे यांत हे अंतर आहे. छापील यादीत दिवेचा, शिंदे, येडेकर आहेत. बोलण्यात ते नाहीत. त्यांच्याही खाली असा वर्ग आहे की ज्याचे काम दुसऱ्याच्या नावावर जमा होण्यासाठीच केलेले असते. बसंतीचा टांगा भरधाव सुटतो, तेव्हा लगाम हेमा मालिनी यांच्या हाती आहे असे प्रेक्षक मानतो. त्यातील धोक्याची दृश्ये रेश्मा पठाण यांनी केली आणि त्या कामी त्यांना दुखापतही झाली. त्यांच्यावर ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट निघाला तो २०१९ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. उरणच्या वाटेवर घोड्यांवरून पडलेल्या, टपांवरून उड्या घेतलेल्या माणसांच्या वाट्यास असा चित्रपट आलेला नाही.

सेन्सॉरच्या हस्तक्षेपाने चित्रपटाचा शेवट बदलला, हे सर्वश्रुत आहे. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली होती, आणि एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेऊन गब्बरला ठार करावे हे मंडळास मान्य नव्हते. म्हणून ऐन वेळी पोलीस आणून गब्बरला त्यांच्या स्वाधीन करणारा शेवट नव्याने चित्रित झाला. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षे चालला. मूळ शेवट आणि गाळलेली दृश्ये यांसह सिद्ध केलेली जीर्णोद्धारित प्रत फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या प्रयत्नांनी जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे प्रथम दाखविली गेली. मूळ निगेटिव्ह फार बिघडलेली होती. मुंबईच्या आणि इंग्लंडमधील कोठारांत सापडलेल्या मध्यस्थ प्रतींवरून हे काम करावे लागले. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही पद्धत ओळखीची वाटेल: मूळ हस्तलिखित नष्टप्राय झाले की ठिकठिकाणच्या नकला जमवून पाठ निश्चित करावयाचा.

स्थळाच्या पाठाची अशी निश्चिती मात्र अद्याप कोणी केलेली नाही. पनवेलहून जासईकडे जाणारे रूळ पुढे न्हावा-शेवा बंदराच्या मालवाहतुकीस जुंपले गेले आणि आज तेथे पेटाऱ्यांनी लादलेल्या लांबच लांब मालगाड्या धावतात. उरणास उपनगरी विजेची गाडी जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. ती नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरमार्गे येते, पनवेलच्या बाजूने नव्हे. न्हावा-शेवा आणि द्रोणागिरी ही तिची उरणच्या अलीकडची स्थानके आहेत.